देवबागची वाळू आणि आपले पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला कोकणच्या सहलीविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. सहल कोकणची असली तरी मी बोलणार आहे ती पाण्याविषयी. आपण लातूरच्या बायका. पाण्याची गोष्ट आपल्याला कधी परकी वाटत नाही.

मालवण तालुक्यात देवबाग नावाचे गाव आहे. गाव म्हणजे वाळूची एक लांबट पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माड, घरे नि रस्ता. दक्षिणेच्या टोकाला नदी समुद्रास मिळते. गावातले एक वयस्कर मच्छीमार काका ओहोटीची वेळ पाहून आम्हां बायकांना घेऊन किनाऱ्याने पायी निघाले.

ओल्या वाळूवर जागोजाग बारीक गोळ्या मांडलेल्या होत्या, जणू कोणी रांगोळीचे ठिपकेच काढले होते. ते काम इवल्याशा खेकड्यांचे. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातले अन्नाचे कण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. भरती आली की सारे पुसले जाते. ओहोटीला पुन्हा नवी रांगोळी.

थोडे वर जांभळ्या फुलांची एक वेल पसरली होती. पान थेट आपल्या आपट्यासारखे, मध्ये दुभंगलेले. तिचे नाव मर्यादवेल. ही वेल पेरापेराला मुळे धरते. वाऱ्याने उडालेली वाळू तिच्यात अडकते आणि हळूहळू उंचवटा तयार होतो. खाडीच्या बाजूला चिखलात तिवरांची झाडे उभी. त्यांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर डोकावतात. ती काठाची माती धरून ठेवतात. काका म्हणाले, समुद्राने पुष्कळ किनारा खाल्ला, म्हणून दगडांचे बंधारे घालावे लागले. पण दगड माणसाला आणून टाकावे लागतात. वेल आपली आपण वाढते.

मग त्यांनी एका घरची विहीर दाखवली. दोन्हीकडे खारे पाणी आणि मध्ये ही गोड्या पाण्याची विहीर! मी विचारले, “काका, हे कसे?” ते म्हणाले, पावसाचे पाणी वाळूत मुरते. गोडे पाणी हलके, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम जड असते. ढोबळ हिशेब असा, की समुद्राच्या पातळीवर गोडे पाणी १ हात असेल, तर खाली ते ४० हातांपर्यंत असू शकते. म्हणूनच वरचे थोडे जरी अधिक उपसले, तरी खालून खारे पाणी पुष्कळ वर चढते. काका हसून म्हणाले, “पाणी गोड आसा, पण मायेन काढूक व्हया.”

भगिनींनो, हे वाक्य मी गाठीला बांधून आणले आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने आपल्या लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. त्या दिवसांतल्या घागरींच्या रांगा आपण विसरलेल्या नाही. आपल्याकडे खाली समुद्र नाही, काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच आपले. तरी एकाचा बोअर आटला की दुसरा त्याहून खोल जातो. देवबागेत अधिक उपसले तर विहीर खारट होऊन ताकीद देते. आपला बोअर ताकीद देत नाही; एके दिवशी नुसती हवा ओढतो.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या गल्लीतला जुना आड कचऱ्याने भरत चालला आहे. मृगाच्या आधी मंडळाने तो उपसून स्वच्छ करून घ्यावा आणि शेजारच्या गच्च्यांचे पावसाचे पाणी गाळून त्यात सोडावे. वर्गणीत माझे नाव पहिले लिहा. घरच्या पुरुषमंडळींना सांगण्याचे काम मात्र प्रत्येकीने आपापल्या घरी करावयाचे आहे.