दारातलं वांगं: डोळ्यांना आणि भाकरीलाही

दिवाळी उलटली की जळगावच्या बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग लागतात. हिरवट पांढरं, चांगलं थोराड, तेल चोळल्यासारखं चकचकीत वांगं. आसोदा, भादली, यावल तालुक्यातलं बामणोद ही या वांग्याची नावाजलेली गावं. २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ या नावानं त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१८ च्या डिसेंबरात तर शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावच्या सागर पार्कवर एकाच कढईत सुमारे २५०० किलो भरीत केलं. इतकं कौतुक वाट्याला आलेलं हे झाड घराच्या अंगणात मात्र क्वचितच दिसतं. गुलाब, मोगरा, शोभेची मिरची असते. वांगं शेतात राहतं.

उत्तर युरोपात याच्या अगदी उलट घडलं. तिथं वांगं आधी बागेत शिरलं आणि स्वयंपाकघरात फार उशिरा. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतितज्ज्ञानं १५९७ सालच्या आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं, पण ते खाऊ नये असंही बजावलं. कोंबडीच्या अंड्याएवढी पांढरी फळं तिथले लोक निव्वळ पाहण्यासाठी वाढवत. त्या अंड्यासारख्या वाणांचं बी आजही मिळतं. पांढरी, जांभळ्या रेघांची, हिरव्या झाकेची अशी तऱ्हेतऱ्हेची फळं कुंडीतल्या गुडघाभर झाडावर लागतात, आणि ती खाताही येतात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवावी. रोपवाटिकेत शोभेचं म्हणून मिळणारं प्रत्येक झाड खाण्याचं नसतं. लाल-केशरी गोट्यांसारखी फळं धरणारं एक छोटं झुडूप कुंडीत विकतात. ते वांग्याच्याच कुळातलं, पण विषारी. बुडाशी बोंडं फुटलेलं पिवळंधमक फळ पूर्व आशियात नव्या वर्षाच्या सजावटीला वापरतात, तेही विषारी. छोट्या लाल भोपळ्यासारखं दिसणारं आफ्रिकी वांगं मात्र खाण्याचं आहे. चवीला कडवट असलं तरी नागालँड-मिझोराममध्ये त्याच्या जातीची फळं आवडीनं खातात. लहान मुलं असलेल्या घरी ही पारख आधी हवी. शिवाय शोभेसाठी विकलेल्या रोपावर कोणतं औषध मारलंय ते कळत नाही. म्हणूनच पाहायला आणि खायला अशा दोन्हीसाठी वांगं लावायचं तर बियापासून लावावं.

बी उगवायला २५ ते ३० अंशांची ऊब लागते. धुळ्याची थंडी दर हिवाळ्यात बातम्यांत येते. तिथं पौषात बी टाकलं तर ते मातीत नुसतं पडून राहतं. जळगावच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात उलट फुलं गळतात. तेव्हा मृगाच्या सुमारास बी टाकणं सर्वांत सोयीचं. चार-पाच आठवड्यांत रोप वीतभर होतं, श्रावणात ते कुंडीत जातं आणि हिवाळ्याच्या तोंडाशी फळं सुरू होतात. कुंडी निदान बारा इंचांची असावी. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड एवढ्यावर झाड खूश असतं. मागच्या वर्षी टोमॅटो किंवा मिरची होती ती माती घेऊ नये, कारण तिन्ही झाडांचे रोग बरेचसे सारखे.

फुलाकडेही जरा निरखून पाहावं. जांभळ्या पाकळ्यांच्या मध्ये पिवळ्या केसरांचा शंकू असतो आणि पराग त्याच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो. भुंगा फूल धरून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग झडतो. गच्चीवर भुंगे फिरकत नसतील तर सकाळी फुलाला बोटानं हलकी टिचकी मारली तरी काम होतं. काही फुलांचा मधला दांडा आखूड असतो. ती गळणारच, त्याची काळजी करू नये. खरा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. शेंडा मान टाकतो तेव्हाच तो खाली कापून जाळावा. दोन-चार झाडांना हाच उपाय पुरेसा आहे.

आता खरी अडचण. झाड शोभेचं राहावं म्हणून फळं न तोडता ठेवली की नवी फुलं कमी होतात; झाड आपली ताकद बी पिकवण्यात घालतं. खायचं तर वांगं चकाकी असतानाच तोडलं पाहिजे. अंगठ्यानं दाबलेला खळगा लगेच भरून आला की ते भरताला तयार. चकाकी गेली की बिया कडक होतात, गर कडवट होतो. म्हणून निदान दोन झाडं असावीत: एक स्वयंपाकासाठी, एक पाहण्यासाठी. पाहण्याच्या झाडावर पांढरं वांगं हळूहळू सोनपिवळं होतं आणि एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात.

बी धरायचं तेही याच झाडावर. त्यावरचं निरोगी, सुरुवातीच्या बहरातलं फळ निवडावं. कळीवरच पातळ कापडाची पुरचुंडी बांधली तर दुसऱ्या वाणाचा पराग येत नाही. फळ पूर्ण पिवळं पडल्यावर गर पाण्यात कुस्करावा. तरंगेल ते टाकून द्यावं, तळाशी बसेल ते बी सावलीत सुकवून राखेत ठेवावं. नीट ठेवलेलं बी तीन-चार वर्षं उगवतं. संकरित वाणाच्या बियाला मात्र मूळ झाडासारखी फळं येतीलच असं नाही, म्हणून गावरान बीच घ्यावं.

मार्गशीर्षातली चंपाषष्ठी आली की खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि चातुर्मासात वांगं सोडलेली घरं ते पुन्हा खाऊ लागतात. खानदेशात तोवर भरीत पार्ट्यांनी जोर धरलेला असतो. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. यंदाच्या मोसमात आसोद्याच्या किंवा बामणोदच्या एखाद्या शेतकऱ्याकडून चिमूटभर गावरान बी मागून आणा. पुढच्या मृगात ते दारात लावा आणि त्यातलं थोडं शेजाऱ्यालाही द्या.