कोंबडीचे दुखणे आणि गावाची एकी
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



कापसाचा, कांद्याचा हिशेब आपण प्रत्येक बैठकीत मांडतो. परसातल्या कोंबडीचा हिशेब कुणी मांडत नाही. पिकाचा पैसा घरधन्याच्या हाती जातो, अंड्याचा पैसा बहुतेक घरी बाईच्या हाती राहतो. पोरांच्या वह्या, मीठ-मिरची, तापाची गोळी त्यातूनच येते. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि पोट बरेचसे उकिरड्यावर भरते. मग एके दिवशी मानमोडी येते आणि आठ दिवसांत खुराडे रिकामे होते. आपण म्हणतो, नशीब! आम्ही म्हणतो, यात नशीब थोडे आणि दुर्लक्ष फार.

कोंबडीला बोलता येत नाही, पण तिचे वागणे पाहणाऱ्याला सगळे कळते. आधी, आजार नव्हे ते ओळखा. कोंबडी धुळीत लोळते ती उवा-पिसवा झाडायला. खुराड्याजवळ कोरडी माती आणि थोडी राख ठेवा. अंडी बंद करून, अंग फुगवून एका जागी बसते ती खुडूक असते. हात लावला की गुरगुरते, चोच मारते. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांत पिले निघतील. वर्षाकाठी पिसे गाळते तेव्हा, किंवा थंडीत दिवस लहान होतो तेव्हा अंडी कमी होतात. तिला लगेच बाजार दाखवू नका. नवी तलंग आणली की जुन्या कोंबड्या तिला चोची मारतात. कळपात थोरली-धाकटी ठरली की भांडण मिटते. मात्र रक्त निघाले तर त्या कोंबडीला वेगळी करा, कारण रक्त दिसले की सगळ्या तिच्यावर तुटून पडतात.

आता आजाराच्या खुणा. कळपापासून दूर, डोळे मिटून, मान आत ओढून बसलेली कोंबडी आजारी समजा. संध्याकाळी कोंबड्या डालताना गळ्याखालच्या दाण्याच्या पिशवीला हात लावा. दिवसभर चरून आलेल्या कोंबडीची पिशवी भरलेली हवी. तुरा फिका पडला तर जंत किंवा गोचीड बघा. पावसाळ्यात पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले तर ती रक्ती हगवण. ओली जमीन तिचे मूळ. तुऱ्यावर, डोळ्याभोवती फोड आले तर देवी. त्या डासांमुळेही पसरतात. हिरवट पातळ हगवण, घरघर, लुळा पाय आणि वाकडी झालेली मान दिसली तर मानमोडी, म्हणजे रानीखेत.

मानमोडीवर औषध नाही. विषाणूचा रोग आहे, कुठलीही गोळी त्याला मारत नाही. आहे ती फक्त लस. पिलू पाच-सात दिवसांचे झाले की डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लशीचा एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा एक, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लशीची सुई. लस निरोगी कोंबडीलाच टोचायची. त्याआधी आठवडाभर जंताचे औषध पाजायचे.

इतके सोपे, तर होत का नाही? कारण लशीची बाटली शंभर किंवा जास्त कोंबड्यांची असते आणि एका घरात कोंबड्या दहा. बाटली दवाखान्यापासून बर्फात आणावी लागते. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी निकामी. दहा कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून कुणीच करत नाही, आणि सगळ्यांच्याच कोंबड्या मरतात. हे काम एकट्या घराचे नाही, आळीचे आहे.

दुसरी गोष्ट पथ्याची. साथ आली की आपण राहिलेल्या कोंबड्या घाईघाईने बाजारात नेतो. म्हणजे आपली मानमोडी शेजारच्या गावाला विकतो! मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकतो, कुत्री-कावळे ती गावभर नेतात. ती खोल पुरा, वर चुना टाका. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवा.

बर्ड फ्लूही विसरू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये तो देशात पहिल्यांदा आपल्याच नवापूरला सापडला, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत आला, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात दिसला. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून कोंबड्या पटापट मरू लागल्या तर त्या सोलू नका, खाऊ नका, हाताने चिवडू नका. त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात कळवा. लपवले तर रोग माणसापर्यंतही पोचू शकतो.

तेव्हा मायबहिणींनो, गावी गेल्यावर एवढेच करा. आळीतल्या कोंबड्या मोजा, लहान-मोठ्या वेगळ्या लिहा. दवाखान्यातून लशीचा दिवस ठरवून घ्या. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या डालून ठेवा आणि पहाटे, त्या बाहेर सुटायच्या आत काम उरका. पुढच्या बैठकीला येताना किती कोंबड्यांना लस दिली तो आकडा घेऊन या. कापसाच्या हिशेबाआधी तो वाचू.