छातीतली चमक : बरगडीची की हृदयाची?



दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोद्याकडची गावं ओस पडतात. माणसं कारखान्यावर जातात. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. दोन महिने असं झालं की एखाद्या सकाळी छातीच्या मधल्या हाडाशेजारी चमक निघते. खोकलं, शिंकलं, कूस बदलली की कळ येते. एकजण म्हणतो, "हार्ट अटॅक." दुसरा म्हणतो, "उसण भरली, बिब्बा घाला." दोघंही चुकू शकतात.

वरच्या सात बरगड्या पुढे मधल्या हाडाला मिळतात, तिथं मऊ कूर्चा असते. ओझं पेलताना, कोयता मारताना छातीचे स्नायू याच जागेला ओढतात आणि तिथं दाह होतो. पुष्कळ दिवसांच्या खोकल्यानंही होतो. पुष्कळदा दुखतं ते डाव्या बाजूला, म्हणून माणूस घाबरतो. श्वासागणिक हे सांधे हलतात, त्यांना पुरती विश्रांती अशी मिळतच नाही. त्यामुळं बरं व्हायला कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लागतात.

एका बोटानं दाबलं आणि "हीच ती कळ" असं वाटलं, तर दुखणं बहुधा बरगडीचं. पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, कळ जबड्यात, पाठीत किंवा हातात जाणं, दरदरून घाम, मळमळ, धाप, यातलं काही असेल तर 108 ला फोन करा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तंबाखू खाणाऱ्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी पहिल्यांदा दुखलं की ईसीजी काढूनच घ्यावा. मधुमेहात हृदयाची कळ कधीकधी जाणवतसुद्धा नाही. घरी असाल तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहे. फडावर असाल तर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

हृदय ठीक निघालं, तर डॉक्टर विश्रांती सांगतील. ऐकून हसू येईल! उचल फेडायची असते, एकजण बसला की खाडा पडतो. हे आम्हांला ठाऊक आहे. तरी दोन-तीन आठवडे मोळी डोक्यावर घेऊ नका. टोळीत काम बदलून घ्या, वाढे गोळा करा. मोळी उचलणं टळतच नसेल तर ती लहान बांधा. मोळी वाहते ती बहुतेक घरची लक्ष्मीच, तेव्हा हे कारभाऱ्यांनीही ऐकावं.

गरम वाळूच्या पुरचुंडीनं सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं शेका, सोसेल इतकंच. जोरानं चोळू नका. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, आतला सांधा तसाच राहतो. गोळी पॅरासिटामॉलची बरी. आयब्युप्रोफेन जेवल्यावरच घ्यावी. पोटात व्रण, मूत्रपिंडाचा त्रास किंवा गर्भारपण असेल तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

कळ उतरली की छाती हळूहळू मोकळी करा. कोपीला चौकट कुठली? बाभळीच्या बुंध्याला हात टेकून अंग दुसऱ्या बाजूला वळवा, पंधरा आकडे मोजा, मग हात बदला. दुखलं तर थांबा.

दुखती जागा सुजली, ताप आला, किंवा दोन आठवड्यांवर खोकला राहून वजन उतरलं, तर मात्र शेकत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा, थुंकी तिथं फुकट तपासतात.