शोकाची मुदत



ज्या व्यासपीठावरून गेले चार दिवस इतिहास, अर्थकारण आणि वेदान्त यांचे विवेचन झाले, त्याच व्यासपीठावरून विद्युत्-वाद्यांच्या गडगडाटात प्रकट झालेल्या एका मृत्युशोकाविषयी बोलण्याची मुभा व्यवस्थापक मंडळाने मला दिली, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. अमेरिकेतील सिएटल शहराच्या ‘बेल विच’ नावाच्या, अवघ्या दोन वादकांच्या वृंदाने २०१७ च्या ऑक्टोबरात ‘मिरर रीपर’ हा आल्बम प्रसिद्ध केला. त्यात रचना एकच आहे आणि तिची लांबी ८३ मिनिटांची आहे.

ज्या परंपरेत ही रचना जन्मली तिला डूम मेटल म्हणतात, आणि तिचा उगम इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात सापडतो. तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात सापडून तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लॅस्टिक वितळवून त्या बोटांसाठी टोपणे घडविली, गिटारीला हलक्या तारा चढविल्या, पुढे त्या सैलही केल्या, आणि त्या सैल तारांतून जो खर्जातला, जड, मंद नाद निघाला तो त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाची ओळख ठरला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० ची. मेटल म्हटले की सामान्य श्रोत्याला वेग आठवतो. परंतु या शाखेने गतीचा लोभ सोडला, आणि १९९० नंतरच्या दशकात फिनलंडच्या ‘थेरगॉथॉन’ व ‘स्केप्टिसिझम’ या वृंदांनी तर ती लय इतकी उतरविली की त्या उपशाखेला अंत्ययात्रेवरूनच फ्युनरल डूम असे नाव पडले.

‘बेल विच’च्या संगीतात गिटार नाही. डिलन डेझमंड सहा तारांचा बास वाजवितो, आणि तारांवर दोन्ही हातांची बोटे आपटून एकाच वाद्यातून खालचा आधारस्वर आणि वरची विलापिका अशा दोन्ही गोष्टी काढतो, जेसी श्राइबमन ड्रम आणि ऑर्गन सांभाळतो, गातात दोघेही. या वृंदाचा पूर्वीचा ड्रमवादक आणि गायक एड्रियन गुएरा २०१६ च्या मे महिन्यात वारला. त्यापूर्वीच्या ‘फोर फँटम्स’ या आल्बमच्या वेळी मुद्रित केलेला, पण वापरावयाचा राहून गेलेला त्याचा आवाज या दोघांच्या संग्रही होता. त्यांनी तो नव्या रचनेच्या मध्याच्या सुमारास आणून ठेविला. वाद्ये त्याच्याभोवती विरळ होतात, आणि गेलेला मनुष्य आपल्याच स्मृत्यर्थ रचलेल्या संगीतात गाऊ लागतो. संगीताच्या इतिहासात यापेक्षा अधिक कौशल्याची स्मारके पुष्कळ असतील. परंतु ज्याचे स्मारक त्यालाच इतक्या साधेपणाने त्यात जागा करून दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या ऐकण्यात नाही.

आता असे दुःख माणसे आपण होऊन, पदरचे द्रव्य खर्चून का ऐकतात, हा प्रश्न मराठी रसिकाला नवा नाही. करुणरसापासून आनंद कसा होतो, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, साहित्यसम्राट न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची उपपत्ती मांडून सांगितले की रसिक परक्याच्या सुखदुःखाशी तादात्म्य पावतो, पण स्वत्वाचे भान सर्वस्वी सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच त्याचा आनंद असतो. सीतात्यागाच्या नाटकाला ही उपपत्ती चपखल बसते. येथे मात्र तादात्म्य पावावे असे पात्रच नाही, कथानक नाही, आणि गायनातील बरेचसे शब्द त्या घोगऱ्या गर्जनेत कानाला उमगतही नाहीत. सबब या संगीताच्या आकर्षणाचे मूळ परक्याच्या दुःखात शोधणे मला अपुरे वाटते. ते मूळ काळात आहे: ही रचना श्रोत्याच्या स्वतःच्या दुःखाला वेळ देते.

तीन वर्षांपूर्वी माझे ज्येष्ठ बंधू निवर्तले. तेराव्यानंतर पाहुणे आपापल्या गावी गेले, कचेरीची मंजूर रजा संपली, आणि भेटावयास येणारी माणसे आस्थेनेच, पण ‘आता सावरा’ असे म्हणू लागली. शास्त्राने, कचेरीने आणि शेजाऱ्यांनी शोकाला आपापली मुदत घालून दिलेली असते, आणि संसार तहकूब ठेविता येत नाही, म्हणून ती घालावीच लागते, हेही मी जाणतो. परंतु माझ्या शोकाला तिची वर्दीच मिळाली नव्हती. अशा एका रात्री माझा पुतण्या, म्हणजे ज्याचे वडील गेले तोच, माझ्या खोलीत आला, स्वतःचे हेडफोन त्याने माझ्या कानांवर चढविले आणि म्हणाला, “काका, शेवटपर्यंत ऐका. मध्ये उठू नका.”

पहिली काही मिनिटे मला नुसता एकेका आघातामधला अवकाश ऐकू येत होता. मी लहानपणापासून ख्यालगायन ऐकत आलो. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातील अतिविलंबित ख्याल ज्याने ऐकला आहे, त्याला दोन मात्रांमध्ये केवढे विश्व सामावते हे सांगावयास नको. पण आपला विलंबित ख्याल कितीही सावकाश चालो, पुढे द्रुत येणार असा एक दिलासा त्यात असतो. येथे तो दिलासा नव्हता. अर्धा तास लोटल्यावर माझ्या ध्यानात आले की मी द्रुताची वाट पाहणे सोडून दिले आहे, आणि त्या सोडून देण्याबरोबरच, तेरा दिवसांत जे रडणे मला साधले नव्हते, ते कोणत्याही खळबळीवाचून सुरू झाले आहे. उत्तरार्धात गर्जना मावळते. एरिक मॉग्रिज या पाहुण्या गायकाचा स्वच्छ, क्षीण आवाज येतो. आणि त्या शांततेतही लय तसूभर वाढत नाही. पुतण्या भिंतीला टेकून ८३ मिनिटे बसून होता. आम्ही एकमेकांशी काही बोललो नाही.

अशा संगीताने मन अधिक खचेल, अशी हरकत काही वडीलधाऱ्यांनी माझ्याजवळ घेतली आहे, आणि ती प्रेमापोटी घेतलेली असल्यामुळे मी तिचा आदर करतो. ज्याला ते सोसवत नाही त्याने ऐकू नये. मला त्या रात्री झोप लागली, एवढेच मी साक्षीदाखल सांगू शकतो.

आता अध्यक्षांच्या अनुज्ञेने, गुएराचा आवाज ज्या भागात येतो तेथील काही मिनिटे ऐकवितो. ज्यांना घरी जाण्याची निकड असेल त्यांनी आताच उठावे; बाकीच्यांनी खुर्च्यांत जरा सैलावून बसावे. मागच्या बाजूचे दिवे तेवढे कोणीतरी मालवा.