मूल कोणाच्या यादीत?



संगमनेरात उभे राहून १९८८ सालच्या परित्यक्ता परिषदेची आठवण न काढणे अशक्य आहे. समता आंदोलनाने ती भरवली आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचा प्रश्न नशिबाचा नसून हक्काचा आहे, हे महाराष्ट्राला ऐकावे लागले. निशा शिवूरकर यांचे काम आपण जाणताच. पोटगी व स्वतंत्र शिधापत्रिका यांसाठी चळवळ लढली. परंतु त्या बाईच्या कडेवरचे मूल आपल्यापैकी अनेकांनी पोटगीच्या आकड्यापुरतेच पाहिले, ही उणीव आज कबूल केली पाहिजे.

गावात काडीमोडाची बैठक बसते. भांडी, दागिने, मानपानाचा खर्च, सगळ्यांची यादी होते. मूल तेवढे यादीत नसते. ते आजोळी जाते आणि बापाचे नाव काढले की मार खाते.

पाथर्डी-शेवगावकडे तर संसार मोडला की कोयताच मोडतो. ऊसतोडीची उचल सहसा जोडप्याला मिळते. एकट्या बाईला मुकादम दारात उभे करीत नाही. अशा आईला केवळ सुजाण पालकत्वाचे धडे देणे ही क्रूर थट्टा होय. बालसंगोपन योजनेतून एकपालक मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात, पण अर्ज भरून देणारा कोणी भेटला तर!

१९८४च्या कायद्याने कौटुंबिक न्यायालयांना समुपदेशक दिले. परंतु निकालानंतरच्या रविवारी बापाने मुलाशी काय बोलावे आणि आईने काय बोलू नये, हे निकालपत्र शिकवीत नाही.

म्हणून तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी, महिन्यातून एकदा विभक्त आईबापांना बोलवा. दोघांना वेगवेगळ्या वेळी. समेटासाठी नव्हे. (समेटाची आपल्याला फार हौस!) शाळेचा खर्च, आजारपण, दिवाळीला मूल कोठे, एवढेच ठरवा. मुलाच्या हाती निरोप धाडायचा नाही, हा पहिला नियम. मारहाण झाली असेल तेथे बाईवर भेटीची सक्ती मुळीच नको. २०१५ साली विधी आयोगाने संयुक्त ताब्याची शिफारस केली. तिचा आधार घेऊन पोटगी चुकवू पाहणारेही भेटतील, त्यांना ओळखा.

बापांना बोलवायला कोण जाणार, असे मघाशी एका साथीने विचारले. आपण पुरुष कार्यकर्त्यांनी जावे. हे काम आजवर महिला आघाडीवर ढकलले आहे. पुढच्या बाजाराआधी निदान नावे तरी गोळा करू.