अद्भुत कादंबरीतील जग आणि माणूस



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही मंडळींनी नाक मुरडले असेल, याची आम्हांला कल्पना आहे. इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय अशा विषयांच्या पंक्तीला जादूगार, ड्रॅगन आणि मंतरलेल्या अंगठ्या आणून बसवल्या, म्हणजे तसे व्हायचेच. परंतु ज्या कादंबऱ्या घरातली तरुण मुले रात्री जागून वाचतात, ज्यांचे मराठीत अनुवाद होतात, त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांनी निदान एक संध्याकाळ विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे. आम्ही समीक्षक म्हणून येथे उभे नाही. वाचक म्हणून वाचता वाचता जी मते बनत गेली, ती आपल्यापुढे ठेवणार आहोत. ती साऱ्यांना पटतील अशी आमची अपेक्षाही नाही.

मुख्य म्हणणे आधीच सांगून टाकतो. अद्भुत कादंबरीचा लेखक एक नवे जग उभारतो आणि त्यात माणसे सोडतो. ते जग किती विस्तीर्ण आहे, त्याचे नकाशे किती सुबक आहेत, राजांच्या वंशावळी किती लांब आहेत, यांवरून त्याची योग्यता ठरत नाही. त्या जगाला नियम हवेत, आणि त्या नियमांची किंमत कोणातरी पात्राला स्वतःच्या पदरची मोजावी लागली पाहिजे. ती मोजली गेली की जगही खरे वाटते आणि माणूसही. ती चुकवली गेली की दोन्ही खोटी पडतात.

हा विचार परदेशातून उसना आणावा लागतो असे मात्र नाही. कचदेवयानीची कथा आपण सारे जाणतो. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'ने 1913 साली ती रंगभूमीवरही आणली. शुक्राचार्यांपाशी मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या आहे. एवढेच असते तर ती गोष्ट चार ओळींत संपली असती. पण दैत्य कचाला जाळतात, त्याची राख मद्यात मिसळून खुद्द गुरूलाच पाजतात, आणि मग पेच पडतो. कचाला उठवावे तर गुरूचे पोट फाटते. न उठवावे तर लाडक्या लेकीचा जीव जातो. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकवतात आणि मरण पत्करतात. कच बाहेर येऊन त्यांना उठवतो खरा, पण पुढे देवयानीच्या शापाने ती विद्या त्याच्या स्वतःच्या हातून फळत नाही. विद्या अद्भुत आहे. परंतु आपण ऐकत राहतो ते बाप, मुलगी आणि शिष्य यांच्यातील देण्याघेण्यासाठी. मंत्राला अट नसती, तर या तिघांची मने आपल्याला दिसलीच नसती.

मराठी कादंबरीचा आरंभही अद्भुतातूनच झाला. हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 सालची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' 1868 सालची. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली नावल आणि नाटक यांविषयी निबंध लिहून अशा कादंबऱ्यांची परखड झडती घेतली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी घरातल्या, वाड्यातल्या, माजघरातल्या माणसांकडे कादंबरी वळवली, आणि आपल्याकडे एक समजूत रूढ झाली: वास्तव ते प्रौढांचे आणि अद्भुत ते पोरांचे. हरिभाऊंचे कार्य मोठेच आहे. पण ही समजूत आम्हांला मान्य नाही. जुन्या अद्भुत कादंबऱ्या मागे पडल्या, त्या अद्भुतामुळे पडल्या असे आम्हांला वाटत नाही. त्यांत योगायोग फार झाले आणि अटी फार थोड्या उरल्या. नायिकेवर संकट यावे आणि लेखकाने हात देऊन ते दूर करावे, असे वारंवार घडू लागले, की वाचकाचा जीव टांगणीला लागेनासा होतो.

आता इंग्रजीतील मोठ्या उदाहरणाकडे वळू. जे. आर. आर. टॉल्किन हा ऑक्सफर्डचा प्राध्यापक. जन्म 1892 चा, मृत्यू 1973 चा. जुन्या इंग्रजीचा पंडित, आणि नव्या भाषा रचण्याचा त्याला नाद. आपल्या कल्पित जगात भाषा आधी आल्या आणि त्या बोलणारे लोक व त्यांच्या कथा मागाहून आल्या, असे तो स्वतःच सांगे. 'हॉबिट' हे मुलांचे पुस्तक 1937 साली निघाले आणि 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही प्रचंड कादंबरी 1954 आणि 1955 साली तीन खंडांत. 1939 साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे परीकथांवर व्याख्यान देताना त्याने एक मार्मिक मुद्दा मांडला. सूर्य हिरवा आहे असे म्हणायला कोणाचीच जीभ अडत नाही. परंतु ज्यात हिरवा सूर्य सहज पटेल असे जग रचायला श्रम पडतात आणि विचार लागतो.

हे श्रम त्याने कसे घेतले ते पाहण्यासारखे आहे. प्रवासी एका दिवसात किती चालतील, कोणत्या रात्री चंद्राची कोणती कला असेल, याचा तो हिशेब ठेवी. पण आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती एक दुरुस्ती. 'हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम नावाचा अंधारात राहणारा प्राणी कोड्यांच्या खेळात हरल्यास आपली अंगठी बिल्बोला बक्षीस द्यायला राजी असतो. तेव्हा ती अंगठी म्हणजे बोटात घालताच अदृश्य करणारी एक गमतीची वस्तू होती. पुढे मोठी कादंबरी लिहिताना त्या अंगठीचा नियम ठरला: जो ती बाळगील त्याला ती आपलीशी करील, आणि तिला आपखुषीने सोडणे जवळजवळ अशक्य होईल. मग गॉलम ती बक्षीस कशी देईल? 1951 च्या आवृत्तीत टॉल्किनने ते प्रकरणच पुन्हा लिहिले. आणि जुनी हकीकत? ती बिल्बोने मारलेली थाप होती, असा खुलासा झाला. म्हणजे नियम घट्ट होताच दोन माणसे बदलली. गॉलम दयनीय झाला आणि भोळाभाबडा बिल्बो अंगठीपायी खोटे बोलू लागला. जग रचणे आणि पात्र रचणे ही दोन वेगळी कामे नव्हेत, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

आता शेवट पाहा. फ्रोडो नावाचा बुटका, साधा जीव ती अंगठी ज्वालामुखीत टाकण्यासाठी शेकडो कोस चालत जातो. दुसरा एखादा लेखक असता तर नायकाने शेवटी छाती काढून ती टाकली असती आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. टॉल्किन तसे करीत नाही. कड्याच्या टोकावर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो आणि ती बोटात घालतो. अंगठीचा नियम नायकासाठीसुद्धा शिथिल होत नाही. काम तडीस जाते ते गॉलममुळे. तो फ्रोडोचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसकट दरीत कोसळतो. आणि गॉलम तेथवर जिवंत पोहोचला कसा? आधी बिल्बोने, मग फ्रोडोने, दया करून त्याला मारले नाही म्हणून. पुढे फ्रोडो घरी परततो, पण त्याच्या जखमा पुरत्या भरत नाहीत. आपले गाव वाचले, पण ते आपल्याला भोगता येत नाही, हे जाणून तो समुद्रापार निघून जातो.

1916 साली सोमच्या रणभूमीवर टॉल्किन स्वतः लढला होता. युद्धातून परतलेला माणूस घरी येऊनही घरी येत नाही, हे त्याला कोणी सांगावे लागले नसेल. म्हणून अशा गोष्टींना पळवाट म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, पळायचेच असते तर लेखकाने ही जखम बरोबर कशाला नेली असती?

येथे सॅमचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. फ्रोडोचा हा माळी आणि सोबती आपली स्वयंपाकाची भांडी पाठीवर वाहत शत्रूच्या ओसाड मुलखापर्यंत नेतो. शेवटी ओझे पेलवेना, तेव्हा ती भांडी एका भेगेत टाकून देतो, आणि त्यांचा तो खणखणाट ऐकून त्याचा जीव कळवळतो. आता पुन्हा चूल पेटायची नाही, हे त्या आवाजातून कळते. नकाशावर ते अंतर चार बोटे असेल. भांडी पडल्यावर आपल्याला ते खरे समजते.

टॉल्किनचे सारेच आम्हांला मान्य आहे असे समजू नये. त्याचे ऑर्क म्हणजे झुंडीने मरायला जन्मलेले राक्षस. दुष्टशक्तीला नवे काही निर्माण करता येत नाही, ती केवळ बिघडवू शकते, हा त्याचाच सिद्धांत. मग हे ऑर्क मुळात कोण, आणि त्यांना सुटका का नाही? हा प्रश्न त्यालाही अखेरपर्यंत छळत राहिला. सारी किंमत फ्रोडोने भरायची आणि ऑर्कांच्या मरणाला मोलच नाही, हा हिशेब आम्हांला अपुरा वाटतो. मोहिमेवर निघालेल्या नऊ जणांत एकही स्त्री नाही. एओविनसारखी तेजस्वी स्त्री येते, पण अशा स्त्रिया मोजक्याच.

ही उणीव मनात ठेवून अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्याकडे वळावे. त्यांचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते. परक्या समाजाचे रीतिरिवाज आदराने पाहण्याची दृष्टी घरातूनच मिळाली असावी. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही त्यांची कादंबरी 1968 ची. सगळीकडे समुद्र आणि त्यात विखुरलेली बेटे. नायक गेड तांबूस सावळ्या वर्णाचा, त्याचा मित्र व्हेच काळा. या जगाचा नियम एका वाक्यात सांगता येतो: प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक माणसाला एक खरे नाव असते, आणि ज्याला ते कळले त्याची त्यावर सत्ता चालते.

मराठी माणसाला हे समजायला टीप लागत नाही. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. नवऱ्याचे नाव घ्यायचे तर उखाण्याच्या आडोशाने घेण्याची आपली रीत. नावात काहीतरी जपण्यासारखे आहे, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ले ग्विन यांनी त्या भावनेचा कायदा केला. त्या जगात खरे नाव कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून गेड आपल्या गर्वापायी मृताला बोलवायला जातो, त्यातून एक भयंकर छाया सुटते, तिला आवरताना वृद्ध महागुरूचा प्राण जातो, आणि तोंडावर व्रण घेऊन गेड सर्वांच्या नजरेतून उतरतो, तेव्हा व्हेच त्याला निरोप देताना आपले खरे नाव सांगतो. एवढीच कृती. ना मिठी, ना लांबलचक भाषण. पण त्या जगाचा नियम ठाऊक असलेल्या वाचकाचे डोळे भरून येतात, कारण मित्राने आपला जीवच दुसऱ्याच्या हाती ठेवला आहे. नियमाने मैत्रीला माप दिले ते असे. आणि शेवटी त्या छायेला गेड हाक मारतो ती स्वतःच्याच नावाने.

याच लेखिकेचे मोठेपण पुढे दिसते. त्यांच्या बेटांवर जादूची शाळा पुरुषांची. बायकांची जादू म्हणजे हलकी आणि वाईट, असा तिथला लोकापवाद. पहिली तीन पुस्तके 1972 पर्यंत झाली. पुढे 1990 साली 'तेहानू' लिहून त्यांनी आपल्याच जगाला सवाल केला: हा नियम कोणी केला, आणि त्याची किंमत कोण भरते आहे? त्या पुस्तकाची नायिका तेनार ही मध्यमवयीन विधवा. लहानपणी देवळाला वाहिली गेल्यावर तिचे नाव काढून घेतले होते, आणि ते तिला गेडने परत मिळवून दिले होते. लग्नानंतर ज्यांचे माहेरचे नाव पुसले गेले, अशा कितीतरी भगिनी या सभागृहात असतील; त्यांना यावर भाष्य नको. 'तेहानू'त गेडची जादू संपलेली आहे, तो शेळ्या राखतो. त्या घरात एक भाजलेली, टाकून दिलेली मुलगी वाढते आहे. काही वाचकांना ही कादंबरी रुचली नाही; त्यांना जुना जादूगार हवा होता. आम्हांला मात्र ती सर्वांत प्रौढ वाटते. आपण उभारलेल्या घराची भिंत कलती आहे हे पाहून ती पुन्हा बांधायला घेणारा लेखक विरळा.

या कसोटीने पाहिले म्हणजे बाजारात येणाऱ्या पुष्कळ जाडजूड पुस्तकांची पारख सोपी होते. आरंभी नकाशा, शेवटी शब्दकोश, मध्ये सात राज्ये आणि चौदा युद्धे. परंतु नायकाला ऐन वेळी पूर्वी कधी न सांगितलेली शक्ती सापडते आणि तो सुटतो. अशा वेळी आम्ही पुस्तक मिटतो. उलट, जग लहान असले तरी चालेल. एक गाव, एक विहीर, एक अट एवढ्यावरही गोष्ट उभी राहते.

आणि येथेच मराठी लेखकांना आमचे मागणे आहे. आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. कोकणगोव्यात राखणदार आहे, देवचार आहे. पिंपळावर मुंजा आहे, पाण्यात आसरा आहेत. यांतल्या प्रत्येकाला अट आहे. राखणदार हद्द राखतो, पण त्याचा मान चुकवून चालत नाही. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होतो. त्या एका वाक्यात केवढी अपुरी राहिलेली इच्छा आहे! भाषाही आपल्याकडे तयार आहे. 'हॅरी पॉटर'चा पहिला भाग मराठीत आला तेव्हा त्यातल्या अद्भुत दगडासाठी 'परीस' हा शब्द आयताच सापडला. मग परक्यांचे ड्रॅगन आणि किल्ले उसने आणण्याची गरज काय? मात्र राखणदाराला केवळ भीती दाखवायला आणू नये. त्याच्या हद्दीत कोणाची जमीन गेली, त्याचा मान कोणी चुकवला आणि त्याचे प्रायश्चित्त कोणाच्या वाट्याला आले, हे लिहावे. तसे कोणी लिहिले, तर हरिभाऊंच्या वास्तवाशी या अद्भुताचे भांडण उरणार नाही.

पालकांनाही एकच सांगणे. मुलगा किंवा मुलगी अशा पुस्तकात बुडाली असेल, तर पुस्तक हिसकावून घेऊ नये. जेवताना सहज विचारावे, "काय रे, त्या जगात जादू केली की काय गमवावे लागते?" उत्तर भरभरून आले, तर पुस्तक चांगले आहे आणि वाचणाऱ्यालाही काही उमगले आहे असे समजावे. कारण प्रत्येक सामर्थ्याची किंमत असते, आणि आपण ती भरली नाही तर ती दुसऱ्या कोणाला भरावी लागते, ही गोष्ट आपल्या या जगातही तितकीच खरी आहे.