दिवाळीचे सहा दिवस आणि ताईचा गळा

लोकलमध्ये लटकत ऐकणारे, भांडी घासत ऐकणारे आणि ऑफिसात एक कान मीटिंगला देऊन दुसऱ्या कानाने मला ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत.

'बिझी वीक' म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांना वाटतं, तो फक्त आपल्यालाच असतो. रिलीज आली की आम्ही घरच्यांना असं तोंड दाखवतो की जणू सीमेवर निघालोय. गेल्या दिवाळीत मी सुट्टी टाकली आणि माझ्या मावसबहिणीचा ड्रायव्हर झालो. ताई गायिका आहे. टीव्हीवरची नाही, रिअ‍ॅलिटी शोवाली नाही. जुनी मराठी गाणी, भावगीतं, अभंग, थोडी लावणी असे स्टेज कार्यक्रम करून घर चालवणारी. वसुबारस ते भाऊबीज हे सहा दिवस तिच्यासाठी सुगीचे. त्यातून पुढच्या दोन-तीन महिन्यांचा हप्ता निघतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात कार्यक्रम. छान झाला, विषय संपला. धनत्रयोदशीला दुपारी स्टुडिओ. तिथे तिने जे गायलं ते तुम्ही कधीच ऐकणार नाही, कारण ते 'स्क्रॅच' होतं. म्हणजे चाल कशी आहे हे मोठ्या गायिकेला कळावं म्हणून आधी दुसऱ्या कुणीतरी गाऊन ठेवायचं. मोठ्या गायिकेचा आवाज आला की हिचा पुसून टाकतात. मी म्हटलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "पैसे जागेवर मिळतात रे." त्याच संध्याकाळी एका सोसायटीत दीड तास.

आणि मग रात्री साडेबाराला अभ्यंगस्नान. खरंच! डोंबिवलीच्या नाट्यगृहात पहाटे साडेपाचचा कार्यक्रम, साउंड चेक चारला, म्हणजे पुण्यातून एकला निघायचं. मावशीने अर्धवट झोपेत उटणं लावलं. गाडीत ताई मागे, डोक्यावरून शाल, गळ्याला मफलर, एसी बंद, काचा बंद, आणि एक शब्द नाही. मला वाटलं रागावलीय. तर तसं नव्हतं. गाडीच्या आवाजावरून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो, आणि तेवढाही तिला परवडत नव्हता. एक्स्प्रेसवेवर मी एकटाच बडबडत होतो, ती मागून व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं देत होती.

माझ्यातल्या इंजिनिअरला राहवलं नाही, मी हिशोब मांडला. ताईची पट्टी काळी पाच. म्हणजे तिचा मधला सा लावला की स्वरतंतू सेकंदाला साधारण २३३ वेळा एकमेकांवर आदळतात. तार सा लावला की दुप्पट, ४६६. सरासरी ३०० धरा. अडीच तासांच्या कार्यक्रमात निवेदन, टाळ्या, दुसऱ्या गायकाची गाणी वगळली तरी ती एक तास गाते. झाले दहा लाखांच्या वर. सकाळी एक कार्यक्रम, संध्याकाळी दुसरा. आणि मधल्या वेळात आयोजकांच्या सौ. येऊन म्हणणार, "आमच्या बाळासाठी दोन ओळी म्हणा ना."

लक्ष्मीपूजनाला सकाळी चिंचवड, आणि तिथूनच थेट नाशिक. पाडव्याचा कार्यक्रम सकाळी ६ ला उघड्या मैदानावर होता. मग आदल्या रात्री कशाला जायचं? कारण रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. साउंड चेक आदल्या रात्री १० च्या आतच उरकावा लागतो. तर आम्ही लक्ष्मीपूजनाच्या ऐन मुहूर्तावर रस्त्यात, आणि मैदानात पोहोचलो तेव्हा चारही बाजूंनी फटाके. धूर इतका की स्टेजवरचा तबलजी मला खालून दिसत नव्हता. ताईने नाकाला पदर लावून दोन गाणी तपासली आणि खोकत गाडीत बसली.

पाडव्याला पहाटे तिने सा लावला आणि थांबली. पुन्हा लावला. मला काही कळलं नाही, मला तर बरा वाटला. पण वादकांनी लगेच एकमेकांकडे बघितलं. ती म्हणाली, "सगळं काळी चारवर घेऊ."

एक अख्खा सूर खाली. कीबोर्डवाल्याने एक बटण दाबलं, संपलं. बासरीवाल्याने पिशवीतून दुसरी बासरी काढली. तबलजी मात्र बिचारा हातोडी घेऊन बसला, कारण त्याचा दायाँ चढा लावलेला. वर गाण्यांचा क्रम बदलला. तार सप्तकातलं एक गाणं काढून टाकलं, दोन द्वंद्वगीतं वाढवली, म्हणजे सोबतचा गायक भार उचलेल. हे सगळं सव्वापाच ते सहाच्या दरम्यान, निवेदिकेच्या कागदावर खाडाखोड करत. सहाला पडदा नाही, घंटा नाही, सरळ गणपतीच्या गाण्याने सुरुवात. समोरच्यांना काहीही कळलं नाही. शेवटच्या भैरवीला मी पहिल्यांदा तिच्या कपाळावरची शीर बघितली.

पुण्याला परतताना आवाज पूर्ण गेला. ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सणाच्या संध्याकाळी दवाखाना उघडला, दुर्बीण घातली. स्वरतंतू सुजलेले, लालभडक. तीन दिवस बोलणं बंद, कुजबुजणंसुद्धा नाही, आणि गाणं पुढे तपासून मगच. मी विचारलं, उद्याचं काय? भाऊबीजेला सकाळी एका मोठ्या वसाहतीत कार्यक्रम होता, आठवड्यातलं सगळ्यात जास्त मानधन. डॉक्टर म्हणाले, स्टिरॉइडने उद्याचा दिवस निघेलही, पण अशा सुजेवर जोर लावला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, मी सुचवणार नाही.

आता इथे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. गाडीत मी म्हटलं, "ताई, एकच तर कार्यक्रम आहे. खालच्या पट्टीत कर. हप्ता निघेल." तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग फोनवर टाइप करून मला दाखवलं, "तुझी बोटं उद्यासाठी गहाण टाकशील?"

मी गप्प.

मग तिच्या वतीने मीच फोन केले. आयोजकांचं ऐकून घेतलं. तिच्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीला विचारलं, ती घाबरत हो म्हणाली. ताईने रात्री आपल्या वहीच्या २२ पानांचे फोटो तिला पाठवले. प्रत्येक गाण्याच्या शेजारी पट्टी, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या खुणा, कुठल्या कडव्याआधी पाणी प्यायचं तेही. मानधन अर्थात त्या मुलीला गेलं. १० टक्के टीडीएस कापून.

भाऊबीजेला दुपारी ताई आमच्याकडे आली. दर वर्षी ओवाळताना ती गाते, आई व्हिडिओ काढते. यंदा नुसतं तबक फिरलं. आई सवयीने मोबाइल धरून उभी होती, त्या व्हिडिओत फक्त पंख्याचा आवाज आहे. मी पाकीट पुढे केलं, तर तिने हातानेच नको म्हटलं आणि फोन दाखवला, "ओवाळणी राहू दे. एका आयोजकाने उरलेले पैसे दिले नाहीत. माझ्या वतीने चांगल्या इंग्रजीत मेल टाक."

टाकला. त्यानंतर अजून तीन टाकले. आवाज तिसऱ्या आठवड्यात परत आला. पैसे त्याच्याही नंतर आले.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.